मुंबईहून नाशिकला : घर हलते, पत मागे राहते

आपल्या समाजातील तरुण कुटुंबांच्या बोलण्यात गेल्या काही वर्षांत एक विचार वारंवार येऊ लागला आहे. भाईंदर, बोरिवली, मुलुंड किंवा डोंबिवलीला राहते घर, काळबादेवी, मस्जिद बंदर वा झवेरी बाजारात पेढी, घरी दोन लहान मुले आणि सत्तरी गाठलेले आई-वडील, असा ज्यांचा संसार आहे ती मंडळी मुलाच्या शाळाप्रवेशाचे वर्ष जवळ आले की नाशिकचे नाव काढतात. सुटीत गजपंथाला किंवा विल्होळीच्या तीर्थाला जाऊन आलेली असतात. परतताना गंगापूर रोडवर किंवा पाथर्डी फाट्याजवळ एखादे तयार घर पाहिलेले असते. मुंबईत एका शयनगृहाच्या घराला जी किंमत पडते, तीत येथे दोन-तीन शयनगृहांचे, गॅलरीचे, गाडी उभी करण्यास जागा असलेले घर मिळते, हे कळल्यापासून मनाला स्वस्थता नसते.

हा विचार चुकीचा नाही. रस्त्याने मुंबईपासून सुमारे १७० किलोमीटरवर, गोदावरीच्या काठी, सह्याद्रीच्या माथ्यावरील मोकळ्या हवेत वसलेले हे शहर तरुण संसाराला पुष्कळ काही देऊ शकते. परंतु व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला जमेच्या पानासमोर नावेचे पान असते हे सांगावे लागत नाही. तरीही घर बदलण्याच्या विषयात आपण बहुधा जमेचेच पान वाचतो. घराची किंमत, शाळेची फी, भाजीचा भाव आणि मोकळी हवा एवढ्यावर बेरीज थांबते. नावेच्या पानावर काय लिहिले जाते आणि हिशेब कोणत्या परिस्थितीत जुळतो, हे येथे पाहावयाचे आहे.

आधी काम आले, मग माणसे राहिली

२०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १४ लाख ८६ हजारांच्या घरात होती. एवढी माणसे केवळ हवापालटासाठी आली नाहीत. १९२५ मध्ये नाशिकरोडला मुद्रांक व सुरक्षा-कागदपत्रे छापणारा सरकारी छापखाना उभा राहिला आणि १९२८ मध्ये नोटांचा छापखाना आला. १९६४ मध्ये ओझरला विमानांचा कारखाना सुरू झाला. पुढे सातपूर आणि अंबड येथील औद्योगिक वसाहती वाढल्या व कामगारांसाठी सिडकोने नवीन नाशिक वसविले. १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. १९८९ मध्ये मुक्त विद्यापीठ आणि १९९८ मध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांनी आणखी एक वर्ग येथे आणला. या प्रत्येक वेळी आधी काम आले, मग माणसे राहिली.

आपल्या समाजाचा या भूमीतील इतिहासही हेच सांगतो. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीच्या पायथ्याशी जुन्या मंदिरांचे अवशेष आहेत. तेथील एका जैन मंदिरात शके १०६३ चा, म्हणजे इसवी सनाच्या बाराव्या शतकातील, यादव राजा सेउणचंद्राच्या काळचा संस्कृत शिलालेख आहे. गावातील काही दुकानांचे उत्पन्न मंदिरास अर्पण केल्याची नोंद त्यात आहे. दान शेतजमिनीचे नव्हते, दुकानांच्या उत्पन्नाचे होते. ज्यांच्या दानातून ते मंदिर चालले, त्यांची दुकाने मंदिराच्याच गावात होती.

पुढील शतकांत राजस्थान आणि गुजरातेतून आलेली घराणी लासलगाव, चांदवड, येवला, मालेगाव, सिन्नर अशा गावांत धान्य, कापड, आडत आणि सावकारी करीत स्थिरावली. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे वर आली आणि या बाजारपेठा मुंबईच्या बंदराशी जोडल्या गेल्या. प्रारंभी कित्येकांनी कुटुंब मारवाडात ठेवून एकट्यानेच येथे व्यापार केला. वर्षा-दोन वर्षांनी गावी जायचे, वडिलांचा चेहरा मुलांना नव्याने ओळखावा लागायचा. ही रीत हळूहळू मोडली आणि बायकामुले दुकानाच्या गावी आली. त्यानंतरच या गावांत मंदिरे, स्थानके आणि पाठशाळा नांदू लागल्या. चांदवडला १९२८ मध्ये स्थापन झालेले श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम हे विद्यादानाचे केंद्र अशा स्थिरावलेल्या समाजाच्या आधारावरच वाढले. घर आणि दुकान एका गावात येण्यास आपल्या पूर्वजांना एखाद-दुसरी पिढी लागली. आज मुंबईहून नाशिकला निघालेले तरुण कुटुंब नकळत ते दोन्ही पुन्हा वेगळे करू पाहत आहे काय, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

१९१३ चे एक स्थलांतर

मुंबईतील चालता व्यवसाय आणि कुटुंब दोन्ही उचलून नाशिकला आणण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचे आहे. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब, मूळचे त्र्यंबकेश्वरचे. ३ मे १९१३ रोजी त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी त्यांनी दादरचा पसारा आवरून नाशिक गाठले. पत्नी सरस्वतीबाई, मुले, नट, कारागीर आणि यंत्रसामग्री असा सगळा कारखानाच आला. गोदेचे घाट, डोंगर, जुनी मंदिरे आणि मोकळा उजेड येथे हाताशी होता. काम करणारी माणसे एका आवारात एका कुटुंबासारखी राहत. सरस्वतीबाई त्यांच्या जेवणाची व्यवस्था पाहत आणि फिल्म धुण्यापासूनच्या कामातही हात देत. 'मोहिनी भस्मासुर' येथे तयार झाला आणि १९१७ मध्ये 'लंका दहन'ने मुंबईत गर्दी खेचली.

निर्मितीच्या दृष्टीने हे स्थलांतर यशस्वी झाले, कारण घराबरोबर कामही आले. परंतु भांडवल मुंबईतच राहिले. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, पैसा पुरविणारे मागे सरले आणि फाळके अडचणीत सापडले. १९१८ मध्ये मुंबईच्या व्यापाऱ्यांना भागीदार घेऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभारावी लागली. पैसा एका गावात आणि काम दुसऱ्या गावात, अशा भागीदारीत मतभेद वाढले आणि काही काळ सर्व सोडून ते काशीला निघून गेले. नंतर परतले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच त्यांचे निधन झाले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे.

या उदाहरणातील दोन्ही अर्ध्या गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. काम बरोबर आणले म्हणून कुटुंब एकत्र राहिले. पत आणि भांडवल बरोबर आले नाही म्हणून घडी विस्कटली.

तासांची वही

आता आपल्या संसाराकडे येऊ. नाशिकला जाणारे बहुतेक तरुण सांगतात की, 'बायकामुले तिकडे राहतील, मी गाडीने ये-जा करीन.' १९७५ पासून धावणारी पंचवटी एक्स्प्रेस या ये-जा करणाऱ्यांची जीवनवाहिनी आहे. पासधारकांनी स्वतःच्या शिस्तीने नावारूपाला आणलेला तिचा आदर्श डबा लिम्का बुकात नोंदला गेला, याचे कौतुक करावे तेवढे थोडे. ही गाडी सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड सोडते आणि साडेतीन-पावणेचार तासांनी मुंबईला पोहोचते. परतताना संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास निघते. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाल्यापासून मोटारीचा प्रवासही सुकर झाला आहे. कसाऱ्याच्या घाटाऐवजी सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी जाते. पण आमण्यापुढे भिवंडी, ठाणे आणि मुंबईची गर्दी आहे तेथेच आहे.

वर्षाचे कामाचे ३०० दिवस धरू : आठवड्यास सहा दिवस, पन्नास आठवडे. भाईंदर वा बोरिवलीहून काळबादेवीस जाणाऱ्याचे घरापासून पेढीपर्यंत दीड तास, म्हणजे रोज तीन तास जातात. वर्षाचे ९०० तास झाले. अहोरात्रीत मोजले तर साडेसदतीस दिवस आपण वाटेवर उभे असतो. मुंबई सोडावीशी वाटते ती याच कारणाने.

नाशिकहून रोज मुंबई केल्यास केवळ गाडीत सात तास जातात. ३०० दिवसांचे २,१०० तास झाले, म्हणजे साडेसत्त्याऐंशी अहोरात्र. शहरातून नाशिकरोड स्थानक आठ-नऊ किलोमीटर दूर आहे, ते अंतर यात धरलेलेच नाही. हा मार्ग वर्षानुवर्षे चालवणारी कष्टाळू माणसे आहेत, पण लहान मुलांसाठी गाव बदलणाऱ्याने तो निवडला तर मुले उठण्यापूर्वी निघणे आणि ती झोपल्यावर परतणे एवढेच त्याच्या वाट्याला येईल.

जो नाशिकमध्येच दुकान थाटतो, त्याला घर ते दुकान पंधरा मिनिटे धरू. तो दुपारी जेवायला घरी आला आणि पुन्हा गेला, तरी रोजचा एक तास, वर्षाचे ३०० तास होतात. ९०० मधून ६०० तास परत मिळाले.

बहुतेकांची स्थिती या दोन टोकांच्या मधली असते. खरेदी, वसुली आणि जुने ग्राहक यांसाठी मुंबईस जावे लागतेच. तेव्हा मधली ओळ मांडून पाहू. आठवड्यातून एक दिवस मुंबई आणि पाच दिवस नाशिक असेल, तर ३५० अधिक २५०, असे ६०० तास होतात. दोन दिवस मुंबई आणि चार दिवस नाशिक असेल, तर ७०० अधिक २००, म्हणजे पुन्हा तेच ९०० तास. तीन दिवस मुंबई असेल, तर १,०५० अधिक १५०, असे १,२०० तास होतात. म्हणजे आठवड्यातून दोन दिवस मुंबईस जाणे ही बरोबरीची रेषा आहे. त्याहून अधिक जावे लागत असेल, तर घर मोठे मिळेल, हवा चांगली मिळेल, पण ज्या वेळेसाठी गाव सोडले तो वेळ मिळणार नाही. प्रत्येकाने आपले अंतर आणि आपले दिवस घालून ही बेरीज स्वतः करावी. घराच्या किमतीआधी हा आकडा हाती असावा.

आपल्यापैकी अनेकांच्या दृष्टीने या वेळेला आणखी एक माप आहे. ज्यांच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम आहे, त्यांना मुंबईत तो नियम डब्यावर पाळावा लागतो. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पेढीच्या कोपऱ्यात घाईने डबा उघडायचा, आणि घरची मंडळी आपापली जेवून घेतात. नाशिकच्या सराफ बाजारातील किंवा मेन रोडवरील दुकानदार साडेपाचला गल्ला मुनिमाकडे देऊन पंचवटीतील घरी जेवून साडेसहाला परत येऊ शकतो. त्यासाठी वाटेचा आणखी अर्धा तास खर्च होईल, पण आई-वडील, पत्नी आणि मुले यांच्यासह रोज एका पंगतीत जेवणे या शहरात शक्य आहे. ते मुंबईत पैसे देऊनही मिळत नाही.

पत कोणत्या गाडीने येते?

सामान ट्रकमधून येते, मुलांचे दाखले पिशवीतून येतात; पत मात्र कोणत्याच गाडीने येत नाही. मुंबईच्या बाजारात साठ किंवा नव्वद दिवसांची उधारी ज्या नावावर मिळते, ते नाव आजोबांनी आणि वडिलांनी कमावलेले असते. ते कागदावर नसते. ते दलालाच्या बोलण्यात, शेजारच्या पेढीच्या मुनिमाच्या आठवणीत आणि वेळेवर दिलेल्या शब्दांत असते. नाशिकच्या बाजारात आपण 'मुंबईचे शेठ' म्हणून ओळखले जातो. यात आदर आहे, पण उधारी नाही. पहिली दोन वर्षे माल रोखीने घ्यावा लागेल आणि ग्राहकाला मात्र उधार द्यावा लागेल, असे गृहीत धरूनच खेळते भांडवल बाजूला ठेवावे. मुंबईचे घर विकून आलेली सर्व रक्कम नाशिकच्या घरात आणि सजावटीत घालणाऱ्यास येथेच ठेच लागते.

दुसरी गोष्ट बाजाराच्या स्वभावाची. मुंबईत महिन्याच्या पगारावर खरेदी होते. नाशिकमध्ये पगारदार वर्ग मोठा असला, तरी जिल्ह्याच्या बाजारपेठेत पैसा पिकाबरोबर येतो. जानेवारी ते एप्रिल द्राक्षांचा, उन्हाळ्यात कांद्याचा. फुलोऱ्यात किंवा घड भरताना गारपीट झाली, तर लगीनसराईत सराफाकडे आणि कापडवाल्याकडे त्याचा परिणाम दिसतो. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली होती. ज्या कांद्याला आपल्यापैकी अनेकांच्या स्वयंपाकघरात जागा नाही, त्याचा लासलगावचा भाव या जिल्ह्यातील वस्त्रांच्या, भांड्यांच्या आणि दागिन्यांच्या दुकानदाराला रोज माहीत असावा लागतो. येथे नवे दुकान काढणाऱ्याने किमान एक पूर्ण शेतीवर्ष, एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत, बाजार पाहिल्याशिवाय मोठा साठा भरू नये.

तिसरी गोष्ट, कोणता व्यवसाय हलतो आणि कोणता हलत नाही. ज्या व्यवसायात माल रोज समोर बसून हाताळावा लागतो आणि भाव नजरेने ठरतो, जसे हिऱ्यांची दलाली किंवा सोन्याचांदीचा घाऊक व्यवहार, तो मुंबईबाहेर नेणे कठीण. हिशेब-तपासणी, करसल्ला, औषधांचे वितरण, वेष्टनाचे साहित्य, हार्डवेअर, शेतीची औजारे आणि इंटरनेटवरून होणारी विक्री हे व्यवसाय येथे मूळ धरू शकतात. सातपूर, अंबड आणि सिन्नरचे कारखाने, तसेच द्राक्ष-डाळिंबाची निर्यात करणारी पॅकहाउसे हे येथील रोजचे ग्राहक आहेत. मुंबईच्या मालाचा येथील वितरक होणे हा मधला मार्ग आहे. त्यात जुनी पतही कामी येते.

आणि चौथी, सर्वांत नाजूक. पेढी भावाभावांची असेल, तर एकाने नाशिकला जाणे म्हणजे कामाची वाटणी होणे. जो मुंबईत राहिला त्याला वाटते, 'मी गर्दीत धक्के खातो आणि हा निवांत.' जो गेला त्याला वाटते, 'मी नवा बाजार उघडतो आणि गल्ला तिकडेच.' दोघांचेही खरे असते. निघण्यापूर्वी भांडवल कोणाचे किती, नाशिकच्या दुकानाचा नफा-तोटा कोणत्या खात्यात, आई-वडिलांचा औषधखर्च कोणत्या खात्यातून, आणि दोन वर्षांनी जमले नाही तर परत येणाऱ्याला पेढीवर पूर्वीचीच जागा असेल काय, हे भागीदारीच्या लेखी करारात उतरवावे. लिहून ठेवण्यात अविश्वास नाही. न लिहिलेल्या गोष्टींची आठवण प्रत्येकाला वेगळी राहते, एवढेच.

घरातील माणसांचा विचार

असा निर्णय बहुधा बाप-लेक दुकानावर बसून घेतात आणि घरी येऊन सांगतात. वास्तविक त्याचा भार सर्वाधिक सुनेवर पडतो. तिचे माहेर मुंबईत असते. ती नोकरी करीत असेल, तर तिच्या शिक्षणाला साजेसे काम नाशिकमध्ये मिळेलच असे नाही. घरून करता येण्याजोगे काम असेल तर गोष्ट वेगळी. पती आठवड्यातून दोन-तीन रात्री मुंबईत राहणार असेल, तर नव्या गावात दोन मुले आणि दोन वृद्ध तिच्या एकटीच्या स्वाधीन असतील. म्हणून पहिला होकार किंवा नकार तिचा असावा आणि तो मोकळेपणाने देण्याची तिला मुभा असावी.

वृद्धांचे दुःख ते बोलून दाखवीत नाहीत. चाळीस वर्षे एकाच मंदिरात किंवा स्थानकात जाणाऱ्या आईला तेथील पायऱ्या आणि शेजारी बसणाऱ्या मैत्रिणी यांचा आधार असतो. नाशिकमध्ये आपली मंदिरे व स्थानके आहेत, चातुर्मासात साधु-साध्वींचा लाभ मिळतो, म्हसरूळच्या गजपंथाला सहज जाता येते. पण गंगापूर रोडच्या टोकाला स्वस्त मिळालेल्या घरातून सत्तरीची आई सकाळी पायी कोठे जाऊ शकेल? घराचा चौरस फुटाचा दर विचारण्याआधी हे अंतर चालून पाहावे. थोडे लहान, थोडे जुने, पण वस्तीतले घर वृद्धांना मानवते.

मुलांची बाजू बहुधा सोपी असते. शाळा जवळ, मैदाने मोकळी आणि १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय, हे बालपणाला पोषक आहे. दोन गोष्टी मात्र पाहाव्यात. शाळेचे मंडळ मध्येच बदलू नये. बदलायचेच तर पाचवीच्या आत. आणि मुलांचे मराठी पक्के करावे. मुंबईत आपली मुले हिंदी-इंग्रजीवर निभावून नेतात. नाशिकच्या गल्ल्यावर, वर्गात आणि शेजारात मराठी लागते. निफाडचा शेतकरी मुलीच्या लग्नाची खरेदी करताना आपल्या भाषेत बोलणाऱ्या दुकानात अधिक वेळ बसतो, हे व्यापाऱ्याच्या मुलास लवकर कळावे.

पावले कोणत्या क्रमाने टाकावीत

पहिले वर्ष भाड्याच्या घरात काढावे. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार करावा. महाराष्ट्रात त्याची नोंदणी आवश्यक आहे. या काळात मे महिन्याचा उन्हाळा आणि एक पूर्ण चातुर्मास त्या वस्तीत राहून पाहावा. नळाला पाणी किती वेळ येते, टँकर लागतो काय, पावसात रस्ता कसा असतो, द्वारका चौकातून संध्याकाळी पार होण्यास किती वेळ लागतो, हे वर्षभर राहिल्यावरच कळते. २०२६-२७ चा सिंहस्थ कुंभमेळा हेही एक कारण आहे. अशा पर्वात रस्ते खोदले जातात, जागांचे भाव चढवून सांगितले जातात; भाडेकरूला थांबण्याची मुभा असते.

मुंबईचे घर त्या वर्षात विकू नये, भाड्याने द्यावे. यात कराचाही विचार आहे. राहते घर विकून झालेल्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर सवलत हवी असेल, तर दुसरे घर विक्रीपूर्वी एक वर्षात किंवा विक्रीनंतर दोन वर्षांत घ्यावे लागते, बांधावयाचे असल्यास तीन वर्षांत. आधी विक्री केली की ही मुदत धावू लागते आणि मन तयार नसताना घर घ्यावे लागते. आपल्या हिशेबनिसाशी हे बोलूनच दिवस ठरवावेत.

खरेदीच्या वेळी नव्या इमारतीची महारेरातील नोंदणी आणि तयार इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. घर स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. सवलतीबरोबर तिचा आधारही वाढतो.

दुकानाच्या बाबतीत, दोन्ही ठिकाणे महाराष्ट्रातच असल्याने जीएसटीचा क्रमांक तोच राहतो. मुंबईची पेढी चालू ठेवून नाशिक हे अतिरिक्त ठिकाण म्हणून दाखविता येते. मुख्य ठिकाणच बदलले, तर बदलाचा अर्ज पंधरा दिवसांच्या आत करावयाचा असतो. वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला दुकाने अधिनियमाखाली केवळ सूचना द्यावी लागते. कागदाचे काम अवघड नाही. अवघड आहे ते जुन्या ग्राहकांना स्वतः भेटून सांगणे की माल पूर्वीप्रमाणेच वेळेवर मिळेल, आणि पुढची दोन वर्षे ते खरे करून दाखविणे.

वाचलेला पैसा आणि वाचलेला वेळ

घर स्वस्त मिळाले म्हणून कुटुंब बचत करीलच असे नाही. दोन शयनगृहांची गरज असताना चार घेतली जातात. शहरात प्रत्येकाला वाहन लागते म्हणून एकाची तीन होतात, हॉल मोठा म्हणून फर्निचर मोठे येते. परिग्रहाची मर्यादा हा विषय आपण प्रवचनात ऐकतो. गाव बदलताना तो घरखर्चाच्या वहीत प्रत्यक्ष येतो. मुंबईत जागेच्या अभावी मर्यादा आपोआप पाळली जात होती. येथे ती स्वतः ठरवावी लागेल आणि नव्या घराच्या उंबऱ्यावरच ठरवावी लागेल.

वेळेचेही तसेच आहे. श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत नावाचे एक व्रत आहे. व्यवहारासाठी कोणत्या दिशेस किती दूरवर जायचे, याची मर्यादा माणसाने स्वतः आखून घ्यायची. व्यापाराची हाव पाय लांबवीत नेते, हे जाणूनच ते सांगितले गेले असावे. नाशिकला जाणाऱ्या तरुण व्यापाऱ्याने हे व्रत विधिपूर्वक घ्यावे की नाही, हा त्याच्या श्रद्धेचा भाग आहे; पण कसाऱ्याच्या घाटाखाली आठवड्यातून किती वेळा उतरायचे, हे त्याने कुटुंबासमोर बसून ठरवावे आणि कागदावर लिहावे. एक वेळ असेल तर निःशंक जावे. दोन वेळा असेल तर घरच्यांच्या संमतीने, वर्षभरात ती एकवर आणण्याच्या बोलीने जावे. तीन किंवा अधिक वेळा असेल, तर आज जाऊ नये. आधी व्यवसायाची व्यवस्था लावावी, भावाशी बोलावे, येथील बाजारात एखादे लहान खाते उघडावे. घर नंतर पाहावे. नाशिकची घरे दोन वर्षांनीही मिळतील. मुलाचे सहावे वर्ष मात्र एकदाच येते, आणि त्या वर्षी वडील संध्याकाळी घरी होते की नव्हते, एवढेच त्याला पुढे आठवणार आहे.